भांडणाची बारी

मला राग फार लवकर येतो. पिंप्राळ्याच्या आमच्या घरी मी लहान असताना आई पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची, हिला चिडवू नका, नंतर आम्हाला निस्तरावं लागतं. त्यामुळे डी.एड. करून मी प्राथमिक शाळेत शिकवायला निघाले तेव्हा घरच्यांना माझी नाही, मुलांची काळजी वाटली. जळगावकडे जागा नव्हती. मिळाली ती धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठच्या एका गावात. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. सुरुवातीला धुळ्याहून सकाळची एसटी पकडून फाट्यावर उतरायचे आणि उसाच्या कडेकडेनं चालत शाळा गाठायचे. पुढे गावातच एक खोली घेतली.

शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुलं भांडतात हे मला ठाऊक होतं, पण इतकी भांडतात हे कोणी शिकवलं नव्हतं. "बाई, यानी मनी पेनसिल लिधी." "बाई, हाई मना गोनपाटवर बसनी." "बाई, हाऊ माले दखी ऱ्हायना." ही शेवटची तक्रार, म्हणजे 'हा माझ्याकडे बघतोय', मला सगळ्यात आवडायची. बघणाऱ्याला विचारावं तर तो म्हणे, तिनं आधी बघितलं.

गुरुजींची रीत सोपी होती. तक्रार करणाऱ्याला एक छडी, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाही एक. त्यामुळे त्यांच्या खोलीत तक्रारी नसायच्या. भांडणं तेवढीच असायची, फक्त शाळेच्या मागच्या भिंतीशी. मला छडी जमत नसे. एकदा राग आला की माझा हात थांबेल याची मलाच खात्री नव्हती, म्हणून मी पहिल्या दिवशीच छडी कपाटावर टाकून दिली. त्याऐवजी मी कोर्ट भरवायचे. कोणी आधी ढकललं, कोणी बघितलं, साक्षीदार कोण. साक्षीदार फुटायचे, नवे यायचे, आणि त्यात गणिताचा तास बुडायचा. मधल्या सुट्टीत गुरुजी दारातून डोकावून विचारायचे, "काय बाई, आज तारीख का निकाल?"

या सगळ्यात चौथीतली एक मुलगी रोज हजर. कधी तक्रार करणारी म्हणून, बहुतेक वेळा जिच्याविरुद्ध तक्रार ती म्हणून. अंगानं लहानखुरी, एका वेणीची रिबीन कायम सुटलेली, आणि आवाज असा की गुरुजी पलीकडच्या खोलीत पाढे थांबवत. कोणी काही बोललं की तिचे कान आधी लाल होत आणि मग हात चाले. मला ती आवडायची, याचं कारण उघड आहे. तिच्यात मला माझंच दिसायचं, आणि माझ्या वेळी कोणी मला समजून घेतलं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं.

तिचा बाप फडाचा बारेकरी होता. हे जळगावकडे सांगितलं तर कळत नाही म्हणून थोडं सांगते. पांझरेवर ठिकठिकाणी जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालचं सगळं भिजणारं रान फडांत वाटलेलं असतं. एका फडात एकच पीक, सगळ्यांचा ऊस नाहीतर सगळ्यांचा गहू. पाणी बारीप्रमाणे, म्हणजे पाळीपाळीनं. तंटा झाला तर पंच बसतात. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की ज्याचं वावर आहे त्यानं आपल्या हातानं पाणी भरायचंच नाही. ते काम गावानं नेमलेल्या बारेकऱ्याचं. फावडं घेऊन तो एकामागून एक सगळ्यांची वावरं भिजवत जातो, रात्र असो की दिवस. त्याचं स्वतःचं वावर असलं तर तेही बारी येईल तेव्हाच भिजतं.

दिवाळीनंतर एकदा तो शाळेच्या दारात उभा राहिला. खांद्यावर फावडं, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळत आलेला. पायांनी वर्ग घाण होईल म्हणून तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"बाई," तो म्हणाला, "हिनं आखो एक भांडन मना कानवर उनं, तं मी हिनं नाव काढी लेसू."

मला अर्थातच राग आला. "पोरं भांडतातच. म्हणून काय शाळा सोडवायची?"

"पोरं भांडतस," तो शांतपणे म्हणाला. "पन बारेकरीनी पोर भांडाले नको."

म्हणजे काय, हे विचारायच्या आत तो वळून चालायला लागला होता. वर्गात ती खाली मान घालून पाटी पुसत बसली होती. कोरडी पाटी, तरी पुसत होती. तिला शाळा सोडायची नव्हती, आणि न भांडता दिवस काढायचा कसा हे तिला येत नव्हतं. ते आता मलाच शिकवावं लागणार होतं, आणि ते मला तरी कुठं येत होतं?

पहिला उपाय मी केला तो पुस्तकी. वर्गात जाहीर केलं की भांडायचं तर भांडा, पण आदरानं भांडा. अरे-तुरे नाही. समोरच्याला 'तुम्ही' म्हणायचं. अहिराणीत बापालाही तू आणि देवालाही तू, त्यामुळे मुलांना ही मोठीच गंमत वाटली. थोड्याच दिवसांत मागच्या भिंतीआडून मला ऐकू आलं, "तुम्ही चोर आहात." त्यावर उत्तर, "तुम्ही महाचोर आहात, तुमचे आजोबापण चोर होते." भाषा अगदी शुद्ध. मग धबाधब आवाज. मी धावत गेले तर दोघं एकमेकांच्या शर्टाच्या कॉलरला धरून उभे, आणि मला बघून एक जण म्हणाला, "बाई, मी तुम्हीच म्हनी ऱ्हायनू."

गुरुजींना सांगितलं तर ते हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "प्रगती आहे बाई. पूर्वी नुसते मारायचे, आता अहो-जाहो करून मारतात."

त्यानंतर एका दुपारी खिडकीजवळच्या जागेवरून तंटा झाला. एका बाजूला बारेकऱ्याची पोर, दुसऱ्या बाजूला तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी. दुसरी रडत होती. मी थकले होते. कोर्ट भरवायचं बळ नव्हतं, ओरडायचंही नव्हतं. नुसतं कुतूहल म्हणून मी बारेकऱ्याच्या पोरीला विचारलं, "तुझं राहू दे. हिला का राग आला असेल, ते तू सांग."

मला वाटलं ती खांदे उडवेल. तिनं एक क्षणही घेतला नाही.

"ती आजारी व्हती, नही उनी. मी तिनी जागावर बसनू. आते तिले वाटी ऱ्हायनं, ती उनी काय नही उनी काय, कोनाले काही फरक पडस नही."

रडणारी मुलगी रडायची थांबली. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "व्हय." मग दोघींनी मिळून गोणपाट सरकवला आणि त्या एकाच खिडकीशी बसल्या. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. इतके दिवस मी साक्षीदार तपासत होते आणि खरी साक्ष समोरच्याच्याच तोंडात होती.

मला आता दुसरं काही सुचेना. हे त्या एकीलाच येतं की सगळ्यांना? मी प्रत्येक तक्रारीला तोच प्रश्न विचारायला लागले. यानं तुला मारलं ना, मग सांग, का मारलं असेल? पहिल्यांदा मुलं म्हणत, उगाच. मी म्हणायचे, उगाच नाही, नीट सांग. आणि मग ती सांगत. हा माझ्या पुढं पळाला म्हणून मी त्याला लंगड्या म्हटलं. तिची टिकली मी लपवली होती. त्याच्या बैलाचं शिंग मोडलंय, आणि मी त्यावरून सगळ्यांदेखत हसलो. सगळं त्यांना ठाऊक असायचं, अगदी बारीकसारीक, पण कोणी विचारलं नव्हतं म्हणून ते सांगायचं राहिलं होतं.

तेव्हा मी नियम केला. भांडण मांडायचं असेल तर आपलं मांडायचं नाही, समोरच्याचं मांडायचं. समोरचा "बरोबर शे" म्हणाला की मग त्यानं आपलं मांडायचं. दोघांचं बरोबर झालं की भांडण संपलं. ज्याला समोरच्याचं सांगता आलं नाही, त्यानं घरी जाऊन विचार करायचा. तोवर सगळं आहे तसं ठेवायचं, कोणी काही बदलायचं नाही.

मला वाटलं हे मुलांना समजावायला महिना जाईल. पण बारेकऱ्याची पोर उठून उभी राहिली आणि वर्गाकडे वळून म्हणाली, "फडनागत शे. आपला वावरमा आपन पानी भरतस का? नही ना? दुसरा भरस. तसं आपलं भांडन दुसरानी सांगानं."

"हा," सगळा वर्ग म्हणाला, इतक्या सहज, की मी काही नवीन शोधून काढलंय हा माझा समज जागीच विरला. तिचा चेहरा खुलला होता. बापाच्या कामाचं नाव वर्गात असं पहिल्यांदाच निघालं होतं.

फड म्हटल्यावर बाकीचं मुलांनी आपणच ठरवलं. रोज भांडणं ऐकायची नाहीत, बारी लावायची. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी शेवटचा तास. बसायच्या रांगेप्रमाणे बारी पुढं सरकणार. आज या टोकाची, पुढच्या शनिवारी तिथून पुढची. ज्याची बारी नाही त्यानं भांडण सांभाळून ठेवायचं. मला हे फारच आवडलं. सांभाळून ठेवलेली निम्मी भांडणं शनिवारपर्यंत आपोआप विरून जातील, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब चुकला, कारण मी जळगावची. या मुलांच्या गावात बारी सोडून द्यायची पद्धतच नव्हती.

तिसरीत एक मुलगा होता, गोरापान, मऊ आवाजाचा. कोणी ढकललं तर तोच 'लागलं का' विचारायचा. एका शुक्रवारी त्यानं शेजारच्याच्या हाताला कडकडून चिमटा काढला. शेजारचा इतका चकित झाला की ओरडायलाही विसरला. मी विचारलं, "का रे? त्यानं काय केलं होतं?"

"काहीच नही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "उद्या मनी बारी शे, बाई. आनि मनाकडे भांडनच नही."

मी हसू दाबायला फळ्याकडे तोंड केलं. मग वर्गाला समजावलं, भांडण नसेल तर बारी पुढच्याला जाऊ द्यावी, त्यात वाईट काय? मुलं माझ्याकडे बघत राहिली. एक जण म्हणाला, "अशी कशी जाऊ देवानी? मंग फिरीसन कव्हय येई?" पाणी नको म्हणून बारी सोडणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. आज जमीन ओली असली तरी पाणी घ्यायचं, कारण पुढची पाळी लांब असते. तेव्हा शुक्रवारी दुपारी माझ्या वर्गात भांडणांची पेरणी व्हायची. बहुतेक लुटुपुटूची. आदल्या दिवशी दोघं मिळून ठरवायचे की तू माझी टोपी फेक, मी तुझी पाटी लपवतो. शनिवारी ती भांडणं अशा अदबीनं मांडली जायची की जणू सोयरीक जुळतेय. गुरुजीसुद्धा आपला वर्ग सोडून दारात बसून ऐकायचे. मी थांबवलं नाही. मला बघायचं होतं, हे कुठवर जातं.

आणि एवढ्या दिवसांत बारेकऱ्याच्या पोरीनं कोणावर हात टाकला नव्हता. कान लाल व्हायचे, ती उठून माठापाशी जायची, पाणी प्यायची आणि परत येऊन बसायची. मला सणाचा दिवस असल्यासारखं वाटायचं.

मग एका शुक्रवारी चौथीतल्या एका मुलानं तिला गाठलं. हा फडाच्या एका पंचाचा नातू. दुसऱ्या दिवशी त्याची बारी होती आणि त्याला लुटुपुटूचं भांडण नको होतं, खरं हवं होतं. खरं भांडण हमखास कुठं मिळेल, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. सुट्टीत तो तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुना बाप आमना वावरमा पानी भरस. आमना चाकर शे तो."

ती माठापाशी गेली नाही. हातातली पाटी तशीच उचलून तिनं त्याच्या कपाळावर मारली. लाकडी चौकटीचा कोपरा लागला, रक्त आलं. मी हळद दाबली, फडकं बांधलं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. संध्याकाळपर्यंत हे गावभर होणार आणि तिच्या बापाच्या कानावर जाणार, हे तिलाही ठाऊक होतं. त्या दिवशी घरी जाताना तिनं आपली पाटी दप्तरात घातली नाही. वर्गात माझ्या टेबलाखाली ठेवून गेली.

शनिवारी शेवटच्या तासाला तो आलाच. फावडं बाहेर भिंतीला लावून उंबऱ्याशी उभा राहिला. "बाई, हिनं नाव काढी द्या."

मला इतकं वाईट वाटलं की रागसुद्धा आला नाही. मी म्हणाले, "भाऊ, बारी सुरू आहे. तेवढी होऊ द्या." बारी म्हटल्यावर तो थांबला. ज्या माणसाचा जन्म बाऱ्या सांभाळण्यात गेला, तो मध्येच कशी तोडणार? तो उंबऱ्यावरच बसला.

पंचाचा नातू कपाळाला फडकं बांधून उभा राहिला. नियमाप्रमाणे त्याला तिचं मांडायचं होतं. खाली बघत तो म्हणाला, "मी तिना बापले चाकर म्हनं. म्हनीसन तिले राग उना. तिना बाप चाकर नही. तो लहान-मोठा बठ्ठास्ले सारखं पानी देस. मना आजा बी तसंच म्हनस."

"बरोबर शे," ती म्हणाली.

उंबऱ्यावर बसलेला माणूस जरा हलला. भांडण झालं एवढंच त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. कशावरून झालं ते कोणी सांगितलं नव्हतं.

मग तिची पाळी. "त्यानी बारी व्हती आनि त्याकडे भांडन नव्हतं. म्हनीसन तो बोलना. त्याना मनमा तसं नव्हतं. आनि रगत निंघनं तव्हय तो घाबरना, पन रडना नही, कारन बठ्ठा दखी ऱ्हायंतात."

"बरोबर शे," तो म्हणाला, आणि आता रडला.

भांडण संपलं होतं. पण बाप उठला आणि तेच म्हणाला, "भांडन ते भांडन, बाई. नाव काढी द्या."

मी तोंड उघडणार होते. काय बोलणार होते देव जाणे, बरं काही नसतं. पण ती खाली बसली नव्हती. ती बापाकडे वळली. हात तसेच समोर बांधलेले, वर्गात भांडण मांडताना असतात तसे.

"आबा बठ्ठास्ना वावरमा पानी भरस," ती म्हणाली. "त्याले कोनी परका नही आनि कोनी आपला नही. मी कोनासंगे भांडनू, का त्या घरना लोक म्हनतस, बारेकरीनी आपली पोरना भांडनना राग काढा, आमले पानी कमी दिधं. आबा कोनाले काही बोलत नही. तसाच घर येस आनि जेवत नही. माय गयी तव्हयपासून त्याले वाटस, पोरले वळन लावाले कोनी नही, आते आपलंच चुकी ऱ्हायनं. म्हनीसन तो मनं नाव काढी ऱ्हायना. त्याले मना राग नही. त्याले भेव वाटस."

बारेकऱ्याची पोर भांडली तर काय होतं, हे त्या दिवशी मला कळलं. बापानं खांद्यावरचा रुमाल काढला, पुन्हा खांद्यावर टाकला. मग, मुलं म्हणायची तसंच, म्हणाला, "बरोबर शे."

आता नियमाप्रमाणे पुढं काय, हे मुलांना सांगावं लागत नव्हतं. पहिल्या रांगेतला तो मऊ आवाजाचा मुलगा म्हणाला, "आबा, आते तुनी बारी."

"मनी कसानी?"

"तू तिनं सांग. तिले काय वाटस ते."

त्यानं पोरीकडे बघितलं. "हिले शाळामा येवानं शे," तो म्हणाला.

"ते तं बठ्ठास्ले माहीत शे," मागून कोणीतरी म्हणालं. "का येवानं शे, ते सांग."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो टाळत नव्हता, खरंच शोधत होता. शेवटी म्हणाला, "माले माहीत नही."

मी लगेच संधी साधली. "भाऊ, मग आज नाव निघत नाही. ज्याला समोरच्याचं सांगता आलं नाही त्यानं विचार करून पुढच्या शनिवारी यायचं. तोवर आहे तसं राहतं."

"हाऊ कोना कायदा?"

"फडना," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

तो उंबऱ्यावरून खाली उतरला. फावडं उचलून गेला.

पुढच्या शनिवारी तो येईल असं गुरुजींना वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण मीही दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होते. तो आला. पाय धुतलेले, स्वच्छ पायजमा, डोक्यावर टोपी. या वेळी तो उंबरा ओलांडून आत आला आणि गोणपाटावर मुलांच्या रांगेत मांडी घालून बसला. त्याचे गुडघे दोन्हीकडच्या पोरांच्या मांडीवर आले. आपली पाळी आल्यावर उभा राहून म्हणाला, "हिले घरना कामना कटाया शे. भाकरी थापा, भांडा घसा. शाळामा तेवढी सुटका." ती मान हलवून म्हणाली, "चुकनं." वर्गानं त्याच्याकडे सहानुभूतीनं बघितलं. त्यानंतरच्या शनिवारी त्यानं सांगितलं, हिला शिकून बाईंसारखं व्हायचंय. मी उगाच पदर सारखा केला. ती म्हणाली, "चुकनं."

आता गावातही बोलणं सुरू झालं होतं. पाटावर लोक त्याला विचारायचे, काय, जमलं का उत्तर? तो नुसता मान हलवायचा. तो एवढा विचार करतोय याची मला मजाही वाटायची आणि धाकधूकही. एक दिवस त्याला बरोबर उत्तर सापडेल, मग तो म्हणेल, झालं, मांडणं संपलं, आता नाव काढा. नियमात त्यापुढं काही अडवायला नव्हतं.

पुढं एका शनिवारी तो रात्रीच्या पाण्यावरून तसाच आला. डोळे तांबारलेले. बसलाही नाही, उभाच राहिला.

"मी रातले पानीवर ऱ्हास," तो म्हणाला. "दिन उगना का घर येस आनि झोपी जास. मनी म्हातारी मायले ऐकू येत नही. घरमा हिनासंगे बोलनारं कोनीच नही." त्यानं सगळ्या पोरांवरून नजर फिरवली. "आठे बठ्ठा शेतस. बोलाले शेतस, भांडाले बी शेतस. आनि मी तेच बंद कराले निंघनू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे बरोबर होतं. ज्यांना काही कळत नाही असं आपण समजतो, त्या तिसरीतल्या मुलांनाही ते कळलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, कधी 'बरोबर शे' म्हणते म्हणून.

तिचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "चुकनं."

वर्गातून एक लांब सुस्कारा निघाला. बापानं तिच्याकडे क्षणभर बघितलं, टोपी नीट केली. "पुढला शनवारले इसू," म्हणाला आणि गेला.

शाळा सुटली. मुलं गेली. तिला मी थांबवून घेतलं. माझ्यापुढं कोणी खोटं बोललेलं मला आजही खपत नाही, आणि इथं तर सगळा नियमच खऱ्यावर उभा होता. मी आवाज चढवला नाही, एवढंच.

"खरं सांग. बरोबर होतं ना ते?"

तिनं दाराकडे बघून घेतलं. "बरोबर व्हतं."

"मग चुकलं का म्हणालीस?"

"व्हय म्हनसू तं भांडन मिटी जाई, बाई," ती म्हणाली. "मंग आबा शनवारले कसाले येई?"

मी तिला जाऊ दिलं आणि तिच्या मागोमाग दारात आले. तो गेलेला नव्हता. पाटाच्या कडेला फावडं टेकवून तिची वाट बघत उभा होता. तिनं दप्तर त्याच्या हातात दिलं आणि दोघं चालायला लागले. मी हाक मारली तेव्हा तो थांबला.

"भाऊ," मी म्हणाले, "चुकलं तरी हरकत नाही. पुढच्या शनिवारी या मात्र."